पाच वॅटांत दूरचा पल्ला

हॅम रेडिओचा परवाना हातात पडला की बहुतेकांचा पहिला हिशेब पैशांचा असतो. शंभर वॅटचा परदेशी सेट, त्याला पुरेसा करंट देणारा पॉवर सप्लाय, गच्चीवर टॉवर आणि त्यावर फिरता बीम अँटेना असं मांडत गेलं की आकडा लाखांत जातो. मग परवाना फाइलमध्ये राहतो आणि हौस मनात. अशी वेळ कुणावर येऊ नये म्हणून हा लेख. पाच वॅटचा सेट, साध्या तारेचा अँटेना आणि आकाश कधी साथ देतं हे ओळखण्याची सवय, एवढ्या भांडवलावर हैदराबादच्या गच्चीवरून जपानपासून युरोपपर्यंत संपर्क होतो. यातली तिसरी गोष्ट विकत मिळत नाही आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यात जास्त गरज तिचीच पडणार आहे.

सूर्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने कळस गाठला. आता ते उताराला लागलं आहे. पुढचा तळ २०३० च्या आसपास अपेक्षित आहे. कळसाच्या काळात दहा मीटरचा बँड तासन्‌तास उघडा असायचा आणि दोन-तीन वॅटलाही युरोपातून उत्तर यायचं. असे दिवस आता विरळ होत जातील. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत हा छंद धरला त्यांना ‘सेट बिघडला की काय’ अशी शंका येण्याचे प्रसंग येतील. सेट बहुधा ठीकच असेल, आकाश बदललेलं असेल. त्या आकाशाशी जुळवून कसं घ्यायचं, ते आता पाहू.

हैदराबादने घालून दिलेली वाट

कमी शक्तीच्या रेडिओच्या जगात हैदराबादचं नाव आदराने घेतलं जातं ते अशहर फरहान यांच्यामुळे. त्यांचा कॉलसाइन व्हीयू२ईएसई. २००३ च्या सुमारास त्यांनी बिटएक्स या ट्रान्सीव्हरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. वीस मीटरच्या बँडवर एसएसबीने बोलणारा, सहा वॅटच्या आसपास शक्तीचा हा सेट. त्याची खरी करामत भागांच्या निवडीत आहे. परदेशी आराखड्यांत कॉइलसाठी टोरॉइडच्या कड्या सांगितलेल्या असतात आणि त्या आपल्या बाजारात सहज मिळत नसत. फरहान यांनी हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या नळाच्या वॉशरवर तार गुंडाळली. ट्रान्सफॉर्मरसाठी टीव्हीच्या बलूनचे गाभे घेतले, फिल्टरसाठी डिजिटल सर्किटांत वापरले जाणारे स्वस्त क्रिस्टल घेतले आणि बाकी ठिकाणी सुटे मिळणारे साधे ट्रान्झिस्टर. ऐकताना आणि बोलताना फिल्टर आणि मिक्सर तेच राहतात, सिग्नल फक्त उलट दिशेने जातो. त्यामुळे भागही कमी लागतात. कोठीच्या गुजराती गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पिशवी घेऊन गेलेला माणूस हा सेट घरी बांधू शकतो, हे त्यातलं मोठेपण.

पुढे २०१६ मध्ये चाळीस मीटरचा तयार बोर्ड, बिटएक्स४०, आला आणि २०१७ च्या अखेरीस शॉर्टवेव्हचे अनेक बँड असलेला मायक्रोबिटएक्स. त्यांच्या कॉइल हैदराबादेतल्या महिलांच्या गटाने हाताने गुंडाळल्या आणि ते बोर्ड जगभरच्या हॅमच्या टेबलांवर पोहोचले. शहरात शिकायची सोयही आहे. सोमाजीगुड्यात १९८३ पासून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ ही संस्था आहे. बंजारा हिल्सच्या ‘लामकान’मध्ये हॅमचा क्लब आहे. ही जागाही फरहान यांच्याच पुढाकारातून उभी राहिली. नवख्याने सेट घेण्याआधी यांपैकी एका ठिकाणी जाऊन एखाद्या अनुभवी हॅमशेजारी बसावं. कानाला जे वळण तिथे लागतं ते पुस्तकातून लागत नाही.

अजून परवाना नसेल तर आधी तो काढा, परवान्याशिवाय ट्रान्समिट करणं गुन्हा आहे. परीक्षा आणि परवाना दूरसंचार विभागाकडे असतो आणि अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर करायचा असतो. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही परीक्षा देता येते. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी पोर्टलवरचे ताजे नियम वाचा. आपल्या श्रेणीत कोणते बँड आणि प्रकार मान्य आहेत, परवान्यातल्या पत्त्याबाहेर केंद्र चालवायला काय करावं लागतं, हेही तेव्हाच पाहून ठेवा.

शक्तीचा हिशेब

शंभर वॅट आणि पाच वॅट यांत वीसपटीचा फरक आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र तो तसा जाणवत नाही. डेसिबलमध्ये हा फरक १३ भरतो. एस-मीटरवर एक अंक ६ डेसिबलचा धरतात, म्हणजे शंभर वॅटचा सिग्नल जिथे एस९ दाखवतो तिथे पाच वॅटचा एस७ च्या किंचित खाली येतो. बँड शांत असेल तर एस५ चा सिग्नलही आरामात वाचता येतो.

मोर्स वापरलं तर यातली बरीच तूट भरून निघते. एसएसबीच्या आवाजाला सुमारे अडीच किलोहर्ट्झ रुंदी लागते, तर मोर्स अडीचशे हर्ट्झच्या फिल्टरमधून ऐकता येतो. रुंदी दहा पटींनी घटली की सोबत येणारा गोंगाटही तेवढाच घटतो, म्हणजे १० डेसिबलचा फायदा. एफटी८ आणि डब्ल्यूएसपीआर हे संगणकाचे प्रकार तर कानाला ऐकूही न येणारे सिग्नल उलगडतात. एफटी८ २०१७ मध्ये आला. त्याच्या दोन जनकांपैकी एक, जोसेफ टेलर, हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. त्यात दर पंधरा सेकंदांनी पाळी बदलते, म्हणून संगणकाचं घड्याळ सेकंदाला बरोबर लावलेलं हवं.

याउलट, एकाच बँडवर एकाच अँटेनाने दुपारी आणि संध्याकाळी ऐकलं तर शून्यापासून एस९ पर्यंतचा फरक पडतो. तो सगळा आकाशाचा. बंद बँडवर शक्ती वाढवत बसणं म्हणजे मृग लागण्याआधी पेरणी करण्यासारखं आहे. बी कितीही चांगलं असलं तरी वाया जातं. पाच वॅटवाल्याने पैसा शक्तीवर घालण्यापेक्षा वेळ ओळखण्यावर लक्ष घालावं, ते यासाठी.

आपल्या डोक्यावरचं आयनांबर

सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी वरच्या हवेतले अणू मोडतात आणि आयनांबराचे थर तयार होतात. दोन थर लक्षात ठेवले तरी काम भागतं. साधारण ७० ते ९० किलोमीटरवरचा डी थर दिवसाच असतो आणि सूर्यास्तानंतर झपाट्याने विरतो. तो शॉर्टवेव्ह परतवत नाही, शोषून घेतो. फ्रीक्वेन्सी दुप्पट केली की हे शोषण सुमारे पाव होतं. त्याच्या खूप वर, अडीचशे ते चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात, एफ२ थर असतो. दूरचा संपर्क बहुतेक त्याच्या जोरावर होतो. एका ठरावीक फ्रीक्वेन्सीपर्यंतचे तरंग तो खाली परतवतो, त्यापुढचे अवकाशात निघून जातात. या मर्यादेला एमयूएफ म्हणतात. ती दिशेप्रमाणे, तासाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते.

यातून कमी शक्तीचा मुख्य नियम निघतो: त्या वेळी त्या दिशेला जो सगळ्यात वरचा बँड उघडा असेल, तो धरा. एमयूएफच्या जरा खाली राहिलं की शोषण सगळ्यात कमी होतं आणि पाच वॅटमधला जास्तीत जास्त भाग पलीकडे पोहोचतो. शंभर वॅटवाल्याला खालच्या बँडवरचं शोषण परवडतं, आपल्याला नाही.

इथे हैदराबादची जागा आपल्या बाजूने आहे. शहर साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे आणि चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या बाजूने जातं. दिवसा त्या विषुववृत्तावरचे आयन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तर-दक्षिणेला साचतात. उत्तरेकडचा हा साठा साधारणपणे गुजरात-माळव्याच्या पट्ट्यावर पडतो. हैदराबाद या दोहोंच्या मध्ये आहे. त्यामुळे आपल्या डोक्यावरचा एफ थर उत्तर युरोपातल्या हॅमच्या नशिबी असतो त्याहून पुष्कळ दाट असतो आणि सूर्यास्तानंतरही बराच वेळ टिकतो. उतरत्या चक्रातही आपल्याकडे पंधरा मीटर लवकर मरत नाही. दक्षिणेकडच्या वाटा तर फारच भरवशाच्या आहेत. मॉरिशस, रियुनियन, दक्षिण आफ्रिका इकडे संध्याकाळी कान ठेवा.

याच भूगोलाची एक अडचणही आहे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर एफ थरात आयन विरळ झालेले बुडबुडे उठतात. तेव्हा सिग्नल जोरात असूनही थरथरतो, आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. एसएसबी समजत नाही, एफटी८ उलगडत नाही. अशा वेळी मोर्स सावकाश पाठवा किंवा तासाभराने पुन्हा या. ही थरथर तुमच्या सेटमधली नव्हे.

दिवसाचं वेळापत्रक

खालच्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत आहेत आणि ढोबळ आहेत. नोंदवहीत मात्र यूटीसी वेळ लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा.

*चाळीस मीटर (७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ):* पुणे, मुंबई, नागपूर, चेन्नई अशा चारशे ते सातशे किलोमीटरवरच्या गप्पांचा हा बँड. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि दुपारी साडेतीनपासून सूर्यास्तापर्यंत पाच वॅट छान चालतात. ऐन दुपारी डी थर जोरात असतो तेव्हा हट्ट करू नका. रात्री उलटं होतं, दूरची केंद्रं ऐकू येतात आणि जवळचं पुणं वगळून सिग्नल पुढे पडतो. सौरचक्र जसं खाली जाईल तशी ही जवळची वाट रात्री लवकर बंद होईल आणि सकाळी उशिरा उघडेल.

*वीस मीटर (१४.० ते १४.३५):* उतरत्या चक्रातला सगळ्यात भरवशाचा दूरचा बँड. सकाळी पूर्वेकडे आणि प्रशांत महासागराकडे, संध्याकाळी सहापासून रात्रीपर्यंत पश्चिम आशिया आणि युरोपकडे. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आगेमागे अर्धा-पाऊण तास जरूर ऐका. डी थर विरळ आणि एफ थर जागा असा तो काळ असतो.

*पंधरा मीटर (२१.० ते २१.४५) आणि दहा मीटर (२८.० ते २९.७):* हे दिवसाचे बँड. सकाळी नऊच्या पुढे जपान आणि ऑस्ट्रेलिया, दुपारी तीनपासून अंधार पडेपर्यंत युरोप आणि आफ्रिका. ऑक्टोबर ते मार्च हा यांचा हंगाम. दहा मीटर उघडा असेल तेव्हा दुसरीकडे जाऊ नका. तिथे शोषण नगण्य असतं आणि एक वॅटही पुरतो.

कमी शक्तीच्या मोर्ससाठी ७.०३०, १४.०६०, २१.०६० आणि २८.०६० मेगाहर्ट्झ या भेटीच्या जागा ठरलेल्या आहेत. एफटी८ साठी ७.०७४, १४.०७४, २१.०७४ आणि २८.०७४.

आधी ऐका: बीकनचे चार डॅश

बँड उघडा आहे का, हे विचारायची सोय कुणीतरी आधीच करून ठेवली आहे. जगभर १८ बीकन केंद्रांची एक साखळी १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर चालते. प्रत्येक केंद्राला दहा सेकंद मिळतात आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. फेरी तिनाने भाग जाणाऱ्या मिनिटाला सुरू होते: ००, ०३, ०६, ०९. भारतीय घड्याळातही हीच मिनिटं धरा.

रिसीव्हर मोर्सवर ठेवा, १४.१०० लावा आणि सेकंदकाट्याकडे लक्ष ठेवा. फेरी सुरू होऊन एक मिनिट झालं की जपानचा बीकन येतो. एक मिनिट दहा सेकंदांनी सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कचा, वीस सेकंदांनी हाँगकाँगचा, तीस सेकंदांनी श्रीलंकेचा. मग दक्षिण आफ्रिका, केनिया, आणि दोन मिनिटं होताच इस्राएल. आधी कॉलसाइन वेगात येतो, श्रीलंकेचा ४एस७बी. मग एकेका सेकंदाचे चार लांब डॅश. कॉलसाइन आणि पहिला डॅश शंभर वॅटचा असतो, दुसरा दहा वॅटचा, तिसरा एक वॅटचा आणि चौथा एक दशांश वॅटचा. २१.१५० वर हाच बीकन वीस सेकंद उशिरा आणि २८.२०० वर चाळीस सेकंद उशिरा भेटतो.

आता डॅश मोजा. दोन ऐकू आले तर त्या दिशेला दहा वॅट पोहोचतात, पाच वॅटने सावकाश मोर्स करून पाहायला हरकत नाही. तीन आले तर पाच वॅट सुखाने जातील. चौथाही कानावर आला तर लगेच हाक द्या, असे क्षण फार वेळ टिकत नाहीत. पलीकडे गोंगाट जास्त असू शकतो आणि आपला तारेचा अँटेना वेगळा पडतो, म्हणून एका डॅशची सूट ठेवा. एखादा बीकन दुरुस्तीसाठी बंदही असतो, त्यामुळे एकाच्या गप्प राहण्यावरून बँड बंद असल्याचं ठरवू नका. ही सवय महिनाभर लावली की कोणती दिशा किती वाजता उघडते याचा नकाशा डोक्यात तयार होतो. तो नकाशा हैदराबादचा आणि तुमच्या गच्चीचा असतो, कुठल्याही तयार तक्त्याहून खरा.

सूर्याचे तीन आकडे

रोज सकाळी तीन गोष्टी पाहा.

पहिला आकडा सौर फ्लक्सचा, १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर मोजलेला. तळाच्या काळात तो ७० च्या आसपास असतो, कळसाला दोनशेच्या पुढे गेला होता. एका दिवसाच्या उसळीला महत्त्व देऊ नका, आठवडाभराचा कल पाहा. कल शंभराच्या खाली राहू लागला की दहा मीटरवरचा मुक्काम हलवून वीस आणि पंधरावर या.

दुसरा के-निर्देशांक, शून्य ते नऊ. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ढवळलं आहे ते हा सांगतो. तीनपर्यंत निर्धास्त राहा. पाच म्हणजे भूचुंबकीय वादळ. १० आणि ११ मे २०२४ ला हा निर्देशांक नऊवर गेला आणि लडाखमधल्या हानलेहून ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. वादळात ध्रुवाजवळून जाणाऱ्या वाटा, म्हणजे आपल्यासाठी उत्तर अमेरिका, आधी बंद पडतात. दक्षिणेकडच्या वाटा बऱ्याचदा तगून राहतात, म्हणून वादळाच्या दिवशी सेट बंद करू नका, दिशा बदला.

उतरत्या चक्रात ही वादळं बरीचशी सूर्याच्या प्रभामंडलातल्या विवरांतून येणाऱ्या वेगवान वाऱ्यामुळे होतात. पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्याची एक फेरी सुमारे २७ दिवसांत होते, त्यामुळे तेच विवर तितक्याच दिवसांनी पुन्हा समोर येतं. बँड खराब गेलेल्या दिवसापुढे दिनदर्शिकेत २७ दिवस मोजून खूण करा. ती खूण बऱ्याचदा खरी ठरते.

तिसरी गोष्ट सौरज्वाला. मोठी ज्वाला उसळली की आठ-साडेआठ मिनिटांत क्ष-किरण पोहोचतात, डी थर एकदम दाट होतो आणि दिवसाच्या बाजूचे खालचे बँड गप्प होतात. सूर्य जितका माथ्यावर तितका फटका मोठा. हैदराबादेत शून्य सावलीचे दिवस मेच्या दुसऱ्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतात. त्या सुमारास दुपारी ज्वाला आली तर चाळीस मीटर पूर्ण नाहीसा होतो. अशा वेळी सगळ्यात वरच्या बँडवर जा, तो आधी सावरतो. नाहीतर चहा घ्या, बहुतेक वेळा तासाभरात सगळं पूर्ववत होतं.

या मोजमापांशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. १८५९ च्या सप्टेंबरातलं प्रचंड सौरवादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदलं गेलं होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. ती आजही काम करते. हैदराबादेत राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची चुंबकीय वेधशाळा आहे. भारताचं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून सूर्याकडे नजर लावून आहे.

तार: जिथे पैसा सार्थकी लागतो

पाच वॅटच्या केंद्रात अँटेना हाच अँप्लिफायर. साध्या डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर, १४.०६ साठी १०.२, २१.०६ साठी ६.८, २८.०६ साठी ५.१. विजेच्या दुकानात मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. हिशेबापेक्षा प्रत्येक बाजूला वीतभर जास्त तार ठेवा, टांगून एसडब्ल्यूआर मोजा आणि दोन्ही बाजूंनी सारखी बोट-बोट कापत या. वायरवरचं प्लॅस्टिक आणि गच्चीतली लोखंडी सळई यांमुळे लांबी थोडी कमीच भरते, म्हणून आधी कापून मोकळं होऊ नका. एसडब्ल्यूआर १.५ च्या आत आला की थांबा.

वीस मीटरचा डायपोल जमिनीपासून दहा मीटर उंच असला की दूरचं काम चांगलं होतं. तीन-चार मजली इमारतीच्या गच्चीवर ही उंची आयती मिळते. चाळीस मीटरचा डायपोल मात्र सहा-आठ मीटरवर असला तरी पुण्या-मुंबईसाठी उत्तम, कारण तेव्हा शक्ती वरच्या दिशेला जाऊन जवळ उतरते. जागा एकाच बाजूला असेल तर एका टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लावून अर्ध्या तरंगलांबीची तार पाण्याच्या टाकीच्या कठड्यापासून पलीकडच्या खांबापर्यंत तिरपी ताणा. सोसायटीची परवानगी घ्या. बारीक तार, पांढरे इन्सुलेटर आणि नीट बांधलेली केबल पाहून सहसा कुणी हरकत घेत नाही.

तीन पथ्यं मात्र काटेकोर पाळा. विजेच्या तारांच्या आसपास अँटेना कधीही टांगू नका. वळवाचे ढग दिसले की केबल सेटपासून काढून बाहेर ठेवा. मृगाआधी प्रत्येक जोड स्व-चिकट रबरी टेपने गुंडाळा, कारण कोअ‍ॅक्स केबलमध्ये शिरलेलं पाणी पाच वॅटमधले तीन सहज गिळतं.

आपल्या सिग्नलचा दुसरा शत्रू गोंगाट. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि सौर पॅनलचे कन्व्हर्टर सगळे बँडवर खरखर पसरवतात. सेट बॅटरीवर लावा, घराचा मेन स्विच बंद करा आणि मग एकेक उपकरण चालू करत ऐका. दोषी उपकरण तिथेच सापडतं. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची यूपीएसची बॅटरी पाच वॅटच्या सेटला बराच वेळ पुरते आणि तिच्यातून गोंगाटही येत नाही.

हाक देण्याची रीत

कमी शक्तीवर सारखा सीक्यू देत बसू नका. बँडवर फिरा, जोरात येणारं केंद्र शोधा आणि त्याचा संपर्क संपेपर्यंत थांबा. ज्याचा अँटेना मोठा तो चांगलं ऐकतोही. गर्दी असेल तर ओसरू द्या, मग एकदाच, स्पष्ट, त्याच्याच वेगात आपला कॉलसाइन द्या. पलीकडून अर्धा कॉलसाइन परत आला तर राहिलेली अक्षरं दोनदा पाठवा. आपण पाच वॅटवर आहोत हे पहिल्याच हाकेत सांगायची गरज नाही. रिपोर्ट मिळाल्यावर सांगा, समोरचा माणूस आनंदाने जास्त लक्ष देतो. सिग्नल उतरताना दिसला तर गप्पा आवरत्या घ्या. कॉलसाइन आणि रिपोर्ट दोन्ही बाजूंनी पोहोचले की संपर्क पूर्ण झाला.

मोर्स येत नसेल तर शिका. येत्या पाच-सहा वर्षांसाठी यापेक्षा मोठी गुंतवणूक दुसरी नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं, अक्षराचा नाद ओळखत, टिंब-रेघा न मोजता.

पुढच्या पाच वर्षांसाठी

दहा मीटर अजून उघडतो तोवर त्याचा पुरेपूर लाभ घ्या. पुढचे एक-दोन हिवाळे त्यासाठी महत्त्वाचे आहेत. त्याच काळात वीस आणि चाळीस मीटरचे अँटेना टांगून ठेवा, म्हणजे फ्लक्स घसरल्यावर धावपळ होणार नाही. एक वही घाला. तारीख, यूटीसी वेळ, बँड, ऐकलेला बीकन, किती डॅश, फ्लक्स, के आणि झालेला संपर्क, एवढे रकाने पुरेत. न ऐकू आल्याचीही नोंद करा. बँड कधी बंद होता हे कळलं तरच तो कधी उघडतो हे कळतं. दोन ऋतू गेले की या वहीवरून तुम्ही शेजारच्या नवख्याला ठामपणे सांगू शकाल की डिसेंबरात केनिया किती वाजता येतो.

या सवयीचं मोल छंदापुरतं नाही. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या अ‍ॅमॅच्युअर रेडिओ संस्थेची मोहीम भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेली होती, हॅमच्या जगात दुर्मिळ असलेलं अंदमान हवेवर आणायला. २६ तारखेला त्सुनामी आली आणि दूरध्वनी बंद पडले. तेव्हा त्याच सेटवरून बेटांची खबर मुख्य भूमीला मिळत राहिली. संकटात जनरेटर नसतो, टॉवर उभा नसतो, हाती असते ती बॅटरी आणि तार. तेव्हा कोणत्या बँडवर कोण ऐकू येईल हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, तोच कामाला येतो. पाच वॅटवर रोज केलेला सराव त्या दिवसाची तयारी असतो.

सुरुवात आजच करता येईल. वीस मीटरचा डायपोल टांगा, संध्याकाळी सात वाजता १४.१०० लावा, श्रीलंका, केनिया आणि इस्राएल यांचे डॅश मोजा आणि वहीत पहिली ओळ लिहा. तीन डॅश मोजले गेले तर त्याच बैठकीत १४.०६० वर या आणि आपला कॉलसाइन द्या.